मुक्कामाच्या ट्रेकसाठी सॅक निवडताना आधी पाठ मोजा, लिटर नंतर

अनेक दिवसांच्या ट्रेकची तयारी सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लिटरची सॅक घेऊ? मग कंपनी कोणती, खिसे किती, रंग कोणता यावर चर्चा रंगते. या सगळ्याची उत्तरं बरोबर निघूनही दुसऱ्या दिवशी दुपारी तीच सॅक जीव नकोसा करू शकते. सॅक अंगावर सुखाने बसणार की नाही हे दोन मापांवर ठरतं, आणि ती मापं बहुतेकांनी कधी घेतलेलीच नसतात. एक पाठीची लांबी, दुसरं कमरेच्या हाडाभोवतीचा घेर. सॅकमध्ये किती मावेल हे लिटरवरून कळतं. ते वजन तुमच्या शरीरावर नेमकं कुठे टेकणार हे मात्र त्यावरून कळत नाही.

एका दिवसाच्या भटकंतीत हे खपून जातं. पाठीवर चार-पाच किलोच असतील तर जवळपास कुठलीही सॅक चालते. वजन १० किलोच्या पुढे गेलं आणि रोज सहा-सात तास, ओळीने चार-पाच दिवस चालायचं असलं, की दोन-तीन सेंटीमीटरची चूकही दुखणं होऊन वर येते.

वजन खांद्यावर का नको

खांदा दिसायला भक्कम असतो, पण धडाशी तो हाडाने फक्त एकाच ठिकाणी जोडलेला आहे: कॉलरबोन छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथे. बाकी सगळा खांदा मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंनी तोलून धरलेला असतो. त्यावर १२-१४ किलो लटकवले की हे स्नायू दिवसभर ताणात राहतात. ते सैल पडतच नाहीत, म्हणून संध्याकाळी मान वळवणं अवघड होतं. शिवाय हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या कॉलरबोनच्या खालून जातात. पट्टा तिथे रुतला की बोटांना मुंग्या येतात.

कमरेची रचना वेगळी आहे. कमरेचं रुंद हाड मागे पाठीच्या कण्याला घट्ट बांधलेलं असतं आणि खाली मांड्यांच्या हाडांवर टेकलेलं असतं. उभं राहताना, चालताना धडाचं वजन तसंही याच वाटेने पायांत उतरतं. सॅकचं वजन या हाडावर टाकलं तर ते मांड्यांच्या आणि पोटऱ्यांच्या मोठ्या स्नायूंकडे जातं, आणि ते स्नायू दमसास असलेले असतात. म्हणून चांगल्या बसलेल्या सॅकचा साधारण ७० ते ८० टक्के भार कमरेवर असतो. खांद्यांच्या वाट्याला उरलेला थोडा भार येतो आणि सॅक पाठीला लगटून ठेवण्याचं काम येतं.

सॅकच्या घडणीतले मोठे बदल याच दिशेने झाले. अमेरिकेत डिक केल्टी यांनी १९५० च्या दशकात ॲल्युमिनियमची हलकी फ्रेम आणि कमरेचा पट्टा असलेल्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली आणि वजन कंबरेकडे वळलं. त्या फ्रेम सॅकच्या बाहेर असत. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लोव यांनी फ्रेम सॅकच्या आत घेतली. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक ट्रेकिंग सॅक याच वळणाच्या आहेत.

पाठ कशी मोजायची

उंचीवरून पाठीची लांबी ठरत नाही. एकाच उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि पाठ आखूड असू शकते, दुसऱ्याचं नेमकं उलट. ‘सहा फुटी माणसाला लार्ज’ हा हिशेब त्यामुळे वारंवार चुकतो.

मोजायला शिंप्याची मऊ टेप आणि दुसरा माणूस हवा. स्वतःची पाठ स्वतः मोजायला गेलं की वाकणं होतं आणि माप बदलतं. मान पुढे झुकवा. मान आणि पाठ मिळतात तिथे एक मणका ठळक वर येतो, टेपचं वरचं टोक त्यावर धरायचं. आता दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की बोटं पुढे आणि अंगठे मागे राहतील, आणि तळवे खाली दाबत कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. इथेच जास्तीत जास्त चुका होतात. पॅन्ट जिथे बांधतो ती कंबर वेगळी आणि हाडाची कड वेगळी. बरगड्या संपल्यावर मऊ भाग लागतो, त्याच्या खाली दोन्ही बाजूंना टणक कड हाताला लागते, ती धरायची. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथे खालचं टोक. मान सरळ करा, ताठ पण सैल उभे राहा, आणि टेप पाठीच्या वळणाला चिकटवून या दोन खुणांमधलं अंतर घ्या. दोनदा मोजा. दोन मापांत एक-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर हाडाची कड नीट सापडलेली नाही.

प्रौढ माणसांचं हे माप साधारण ३८ ते ५५ सेंटीमीटरच्या दरम्यान येतं. ढोबळमानाने ४५ पर्यंत स्मॉल, ४५ ते ५० मीडियम आणि त्यापुढे लार्ज असं धरलं जातं. पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. एकीचं मीडियम दुसरीचं लार्ज निघतं, तेव्हा अक्षराकडे बघू नका, सेंटीमीटर बघा. माप दोन साइझच्या सीमेवर येत असेल तर दोन्ही अंगावर घालून बघण्याला पर्याय नाही.

सॅकची पाठ तुमच्या पाठीपेक्षा लांब असली, तर कमरेचा पट्टा जागेवर बसवल्यावर खांद्याचे पट्टे खांद्यावर टेकतच नाहीत, वर पोकळी राहते आणि सॅक मागे झुकते. पट्टे ओढून ती पोकळी भरली की कमरेचा पट्टा हाडावरून वर सरकतो आणि पोटावर येतो. आखूड असली तर याच्या उलट होतं. पट्टे खांद्यावर वरून खाली दाबतात, वजन कमरेपर्यंत पोचतच नाही, आणि कमरेचा पट्टा कितीही आवळला तरी खांद्यांची सुटका होत नाही. या दोन्ही गोष्टी पट्टे घट्ट-सैल करून सुटणाऱ्या नाहीत. साइझ बदलावीच लागते.

काही सॅकची पाठ कमी-जास्त करता येते. खांद्यांच्या पट्ट्यांचा जोड वेल्क्रोवर किंवा शिडीसारख्या खाचांवर वर-खाली सरकतो. पहिल्यांदा सॅक घेणाऱ्याला, वाढत्या वयाच्या मुलाला, किंवा एकच सॅक घरात दोघंतिघं वापरणार असतील तर हीच घ्यावी. त्यासाठी थोडं जास्त वजन सोसावं लागतं. वेल्क्रोची सोय असेल तर भरलेल्या सॅकने जोरात चालून बघा. वेल्क्रो हळूहळू सुटून पट्टे खाली घसरत असतील तर ती सॅक नको.

कमरेचा पट्टा

पूर्ण सॅकमध्ये सगळ्यात जास्त वेळ या पट्ट्याला द्यावा असं आमचं ठाम मत आहे. पट्ट्याचा गादीचा भाग कमरेच्या हाडाच्या कडेवर असा बसला पाहिजे की साधारण निम्मी रुंदी कडेच्या वर आणि निम्मी खाली राहील. म्हणजे पट्टा हाडाला वरून मिठी मारतो आणि खाली सरकायला त्याला वाव राहत नाही. यापेक्षा वर बांधला तर तो पोटाच्या मऊ भागावर येतो, श्वास कोंडतो आणि पाऊण तासात घसरतो. फार खाली बांधला तर चढावर प्रत्येक पाऊल उचलताना मांडीचा वरचा भाग त्याला घासतो. खाली आणि घट्ट असेल तर मांडीची बाहेरची बाजू बधिर होऊ शकते, कारण मांडीच्या त्या भागातल्या त्वचेची संवेदना वाहणारी नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून जाते आणि ती दाबली जाते.

माप जुळतं का हे बघायला पट्टा आवळून समोर नजर टाका. गादीच्या दोन टोकांमध्ये साधारण ८ ते १५ सेंटीमीटर अंतर हवं. टोकं एकमेकांना भिडत असतील तर पट्टा मोठा आहे आणि यापुढे तो आवळताच येणार नाही. लांबच्या ट्रेकमध्ये वजन थोडं उतरतं, तेव्हा आवळायला जागा उरलेली असावी. उलट गादी कमरेच्या बाजूलाच संपत असेल आणि पुढे नुसती निवार येत असेल, तर हाडाच्या पुढच्या टोकावर ती निवार रुतते.

गादीचा मऊपणा फसवा असतो. दुकानात गुबगुबीत वाटणारा फोम १४ किलोखाली तासाभरात चपटा होतो. गादी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत जोरात दाबा. पलीकडचं बोट स्पष्ट जाणवलं तर फोम कमी पडणार. चांगली गादी आधी थोडी दबते आणि मग अडते. गादी उभ्या दिशेने वाकवूनही बघा. मधोमध सहज दुमडणारा पट्टा भाराखाली गुंडाळतो आणि सगळं वजन एका अरुंद रेषेवर येतं.

एक बारीक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्यामुळे चांगल्या सॅकला नावं ठेवली जातात. कमरेच्या पट्ट्याखाली पॅन्टचा चामडी पट्टा, जाड शिवण, बकल किंवा खिशातली किल्ली असेल तर दुसऱ्या दिवशी तिथे कातडी सोललेली मिळते. पट्ट्याखाली सपाट इलॅस्टिक किंवा नाडीची पॅन्ट असावी.

खांद्याचे पट्टे आणि वरचे छोटे बंद

खांद्याचा पट्टा खांद्याच्या वळणाला पुढून, वरून आणि मागून चिकटलेला हवा. मागे तो सॅकला जिथे शिवलेला असतो ती जागा खांद्याच्या माथ्यापेक्षा साधारण ३ ते ५ सेंटीमीटर खाली यावी. पुढे गादीचं टोक काखेखाली थोडं उतरलेलं असावं. गादी काखेतच संपली तर तिथला बकल छातीच्या बाजूला टोचतो. दोन पट्ट्यांमधलं अंतरही बघा. जवळ असले तर मानेला घासतात, लांब असले तर खांद्यावरून बाहेर निसटतात आणि छातीच्या पट्ट्याने ते सतत आत ओढून धरावे लागतात.

स्त्रियांसाठी म्हणून बनवलेल्या सॅकमध्ये पाठ आखूड, पट्टे जवळ आणि छातीला वळसा घालणारे, आणि कमरेची गादी बाहेरच्या बाजूला उतरती असते. अरुंद खांद्यांच्या पुरुषाला तीच सॅक नीट बसू शकते आणि रुंद खांद्यांच्या स्त्रीला दुसरी. लेबल वाचण्यापेक्षा अंगावर घालून ठरवा.

खांद्याच्या पट्ट्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे दोन छोटे बंद असतात, त्यांना लोड लिफ्टर म्हणतात. ते ओढले की सॅकचं डोकं पाठीकडे येतं आणि खांद्याच्या माथ्यावरचा दाब थोडा उचलला जातो. बाजूने बघितलं तर हे बंद खांद्यापासून वर-मागे तिरके जायला हवेत, साधारण ४५ अंशात. ३० ते ६० मध्ये कुठेही चालतं. आडवे जात असतील किंवा खाली उतरत असतील तर सॅकची फ्रेम तुमच्या पाठीसाठी आखूड आहे आणि हे बंद नुसते शोभेचे आहेत. त्यांना करकचून आवळायचंही नाही, नाहीतर पट्ट्याच्या पुढच्या बाजूला पोकळी तयार होते.

छातीचा पट्टा कॉलरबोनच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली येईल असा सरकवा. त्याचं काम खांद्याचे पट्टे बाहेर घसरू न देणं एवढंच आहे. पूर्ण खोल श्वास घेताना तो अडला तर सैल करा.

फ्रेम आणि पाठीचा भाग

वजन कमरेपर्यंत पोचवतो तो सॅकच्या आतला ताठ भाग. त्यात ॲल्युमिनियमच्या एक-दोन उभ्या पट्ट्या असतात, कडक प्लास्टिकचा पत्रा असतो, कडेने फिरलेली तार असते, किंवा यांचं मिश्रण. फ्रेम किती ताठ आहे हे बघायला भरलेली सॅक जमिनीवर उभी करा आणि वरच्या टोकावर दोन्ही हातांनी खाली दाबा. पाठीचा भाग मधोमध दुमडला तर चालताना वजनही तसंच दुमडून खांद्यावर येणार. फ्रेमच नसलेल्या सॅक खूप हलक्या असतात, एक किलोच्याही आत. पण पाणी आणि जेवण धरून एकूण वजन आठ-नऊ किलोच्या आत ठेवता येत असेल तरच त्या सुखाच्या. अनुभव नसताना वजन कमी करायचं म्हणून आधी सॅक हलकी घेणं ही उलटी सुरुवात आहे. आधी आतलं सामान हलकं व्हायला हवं.

पाठ कोरडी राहावी म्हणून काही सॅकना ताणलेली जाळी असते. फ्रेम मागे धनुष्यासारखी वाकवलेली असते आणि पाठ व सॅक यांच्यामध्ये हवा खेळते. घाम कमी साचतो हे खरं, पण सॅक काही सेंटीमीटर मागे जाते. सामानाच्या वजनाचा मध्य पाठीपासून १५ सेंटीमीटरवर होता तो २० वर गेला, तर मागे ओढणारा जोर एक तृतीयांशाने वाढतो. सात-आठ किलोला हे जाणवत नाही. १५ किलोला जाणवतं, विशेषतः उतारावर आणि खडकाळ वाटेवर तोल सांभाळताना. वाकलेल्या फ्रेममुळे आतली जागाही वेडीवाकडी होते. मध्यम वजन आणि चांगली पायवाट असेल तर जाळी उत्तम. जड ओझं असेल तर पाठीला लागून बसणारी, मध्ये हवेच्या खोबण्या असलेली सॅक बरी.

आता लिटर

सॅक सगळ्यात शेवटी घ्यावी. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, कपडे, स्टोव्ह आधी जमू द्या, कारण जागा तेच खातात. सगळं सामान, स्लीपिंग बॅग दाबून आणि जेवणाच्या जागी तेवढ्याच आकाराचं काहीतरी ठेवून, एका खोक्यात भरा. खोक्याची लांबी, रुंदी आणि सामान जिथपर्यंत आलं ती उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १,००० ने भागा. ४० गुणिले ३५ गुणिले ३६ म्हणजे ५०,४००, म्हणजे साधारण ५० लिटर. यावर पाच-सात लिटर मोकळीक धरली की तुमचा आकडा मिळाला.

अंदाजच हवा असेल तर एक ते तीन मुक्कामांना ३५ ते ५०, तीन ते पाच मुक्कामांना ५० ते ६५, आणि त्याहून लांब किंवा कडाक्याच्या थंडीतल्या ट्रेकला ६५ ते ८० लिटर. तंबू आणि जेवणाची सोय वाटेत असेल तर याहून बरंच कमी लागतं. मोठी सॅक घेतली की ती भरली जाते, हा नियमच समजा. शिवाय मोठी सॅक अर्धी रिकामी असली तर सामान आत हलतं आणि पाऊल टाकताना मागे लंबकासारखा झोका बसतो. बाजूंचे दाबपट्टे आवळून तिला लहान करता येत असेल तर हा त्रास कमी होतो. कंपन्यांचे आकडेही सरळ ताडून बघता येत नाहीत. कुणी बाहेरचे खिसे आणि वरचं टोपण धरून लिटर सांगतं, कुणी फक्त मुख्य कप्प्याचे.

वजनाचा अंदाज असा: अनेक दिवसांच्या ट्रेकला भरलेली सॅक शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास असावी. ७० किलोच्या धडधाकट माणसाला १४ किलो. ही वरची मर्यादा समजावी. शरीराचं वजन प्रमाणापेक्षा जास्त असेल तर हिशेब त्याच्या उंचीला साजेशा वजनावर करावा, कारण गुडघे दोन्ही ओझी उचलत असतात. चार दिवसांचं गणित मांडून बघू. सॅक १.८ किलो, तंबूचा वाटा १.५, स्लीपिंग बॅग १.२, मॅट ०.५, कपडे २, स्टोव्ह, इंधन आणि भांडं ०.९, बॅटरी, प्रथमोपचार वगैरे किरकोळ १, कोरडं जेवण रोज ७०० ग्रॅमप्रमाणे २.८, पाणी दोन लिटर म्हणजे २. बेरीज १३.७ किलो. म्हणजे काही जास्तीचं न घेताच मर्यादा आली. सॅक अडीच किलोची असती तर ती ओलांडली असती. त्यामुळे सॅकचं स्वतःचं वजन विचारा. १२ ते १६ किलो वाहायला दीड ते दोन किलोची सॅक योग्य.

दुकानात कशी तपासायची

रिकामी सॅक अंगावर घालून काहीही कळत नाही. आत १० ते १२ किलो भरा, जड वस्तू मधोमध आणि पाठीला लागून. ट्रेकला घालाल तेच कपडे अंगावर असू द्या. मग हा क्रम पाळा. सगळे बंद पूर्ण सैल करा. सॅक अंगावर घ्या, थोडं पुढे वाका, खांदे उचलून सॅक वर घ्या आणि कमरेचा पट्टा हाडाच्या कडेवर बसवून आवळा. मग सरळ उभे राहा. खांद्याचे पट्टे खाली-मागे ओढा, पण पाठीला सॅक लागेपर्यंतच. त्यानंतर लोड लिफ्टर, शेवटी छातीचा पट्टा. सगळं झाल्यावर खांद्याचे पट्टे अगदी किंचित सैल करा, म्हणजे भार कमरेवर उतरतो. खांद्याचे पट्टे आधी आवळले तर सॅक वर लटकते आणि कमरेचा पट्टा चुकीच्या जागी बसतो. बहुतेक जण याच क्रमात चुकतात.

खरी परीक्षा पुढची आहे. खांद्याचे पट्टे पूर्ण सैल करून दोन मिनिटं सपाटीवर चाला. कमरेचा पट्टा जागेवर राहिला तर सॅक वजन पेलते आहे. तो घसरला तर एकतर घेर चुकलाय किंवा गादीचा आकार तुमच्या कमरेला मानवत नाही. मग सगळं पुन्हा आवळून किमान २० ते ३० मिनिटं सॅक अंगावर ठेवा. जिने चढा-उतरा, गुडघा छातीकडे उचला, वाकून बुटाची नाडी बांधा, मान वर करून आकाशाकडे बघा. डोकं सॅकच्या टोपणाला आपटत असेल तर चढावर वाट वर बघता येणार नाही. अर्ध्या तासात एखादी जागा नुसती ‘जाणवायला’ लागली तर सहाव्या तासाला ती दुखणार. नवी आहे, बसेल हळूहळू, असं मनाला समजावू नका. फोम थोडा मऊ होतो, पण पाठीची लांबी बदलत नाही.

कापड, चेन, खिसे

कापडाचा जाडपणा डेनियरमध्ये सांगतात. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. नायलॉनचं ७० ते १०० डेनियरचं कापड हलकं, पण काट्याला आणि खडकाला जपावं लागतं. २१० च्या आसपासचं बहुतेकांना पुरेसं. तळाला ४२० किंवा त्याहून जाड असेल तर उत्तम, कारण सॅक दिवसातून दहा वेळा जमिनीवर टेकते. सगळ्या शिवणी आतून बघा. खांद्याचे पट्टे आणि कमरेचा पट्टा जिथे जोडलेले आहेत तिथे आडवी-तिरकी दुहेरी शिलाई हवी. सॅक तिथेच आधी उसवते. मुख्य कप्प्याला वरून दोरीचं तोंड आणि समोरून किंवा तळाला चेन असेल तर सोयीचं, पण चेनवर ताण येईल इतकं भरू नका.

बाटलीचा खिसा सॅक न उतरवता हाताला लागतो का हे नक्की बघा. लागत नसेल तर माणूस पाणी कमी पितो. कमरेच्या पट्ट्यावर छोटा खिसा असावा. बाकी खिशांची संख्या वाढली की वजन वाढतं आणि वस्तू सापडत नाहीत.

पावसासाठी फक्त रेन कव्हरवर विसंबू नका. ते मागची बाजू झाकतं. पाणी पाठीकडून, पट्ट्यांवरून आणि शिवणींतून आत येतं, आणि जोराच्या वाऱ्यात कव्हर उडून जातं. सॅकच्या आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून, सामान तिच्यात भरून तोंड पिळून दुमडलं की स्लीपिंग बॅग कोरडी राहते. कव्हर वरून असू द्या, त्याने कापड पाणी पिऊन जड होत नाही.

भरताना

मापाची सॅकही चुकीची भरली तर त्रास देते. स्लीपिंग बॅग आणि मुक्कामालाच लागणारे कपडे तळाला. जेवण, पाणी, तंबू, स्टोव्ह अशा जड वस्तू मधल्या उंचीवर, पाठीला अगदी लागून. त्यांच्याभोवती कपडे खोचून त्या हलणार नाहीत असं करा. हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला. जड वस्तू तळाला गेल्या तर सॅक खाली ओढते, बाहेरच्या बाजूला गेल्या तर मागे. खडकाळ, उड्या मारायच्या वाटेवर जड सामान थोडं खाली घेतलं तर तोल चांगला राहतो. इंधन घट्ट बंद करून, उभं आणि जेवणापासून वेगळं ठेवा. दोन बाजूंचं वजन सारखं हवं. एका बाजूला पाण्याची लिटरभर बाटली आणि दुसरीकडे काहीच नसेल तर एका बाजूची कंबर दुखते आणि कारण लक्षात येत नाही. फार गच्च भरून पाठीचा भाग फुगला तर तो कण्यावर टेकतो. अशा वेळी वस्तू काढून पुन्हा लावा, दाबून बसवू नका.

चालताना दुखायला लागलं तर

बोटांना मुंग्या: खांद्याचे किंवा छातीचा पट्टा सैल करा, कमरेचा पुन्हा हाडावर बसवा. खांद्याचा माथा दुखतोय: कमरेचा पट्टा घसरला आहे, नाहीतर पाठ आखूड आहे. सॅक मागे ओढतेय: लोड लिफ्टर ओढा, तरी फरक नाही तर जड सामान बाहेरच्या बाजूला गेलंय. कमरेच्या हाडावर लाल चट्टा: आधी पॅन्टची शिवण आणि खिसा तपासा, मग पट्टा अर्धा सेंटीमीटर वर-खाली करून बघा. कमरेच्या वर पाठीत दुखतंय: मागची गादी फार जाड आहे किंवा आत टोकदार वस्तू पाठीला लागली आहे. दर तासाभराने खांदे आणि कंबर यांच्यात भार थोडा इकडे-तिकडे करणं, म्हणजे एक पट्टा किंचित सैल आणि दुसरा किंचित घट्ट, हे मुद्दाम करावं. एकच जागा दिवसभर दाबली जात नाही.

ओढा किंवा नदी ओलांडताना छातीचा आणि कमरेचा दोन्ही बकल उघडे ठेवा. पाय घसरला तर सॅक अंगावरून झटकता आली पाहिजे.

सॅक उचलताना एका पट्ट्याला धरून झटक्याने खांद्यावर फेकू नका. त्याने कंबर धरते आणि पट्ट्याची शिवणही सैल होते. वरची हँडलची पट्टी धरून सॅक वाकवलेल्या गुडघ्याच्या मांडीवर घ्या, एक हात पट्ट्यात घाला, मग पाठीवर फिरवा. ट्रेकहून आल्यावर ती रिकामी करून, साध्या पाण्याने पुसून, सावलीत पूर्ण वाळवा. ओलसर आणि गरम जागी गुंडाळून ठेवलेल्या सॅकच्या कापडाला आतून दिलेला, पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर काही वर्षांत चिकट होतो आणि पापुद्र्यांनी सुटायला लागतो. वॉशिंग मशीनमध्ये टाकली तर हा थर आणि फोम दोन्ही लवकर खराब होतात.